वाडा जुना की शाळा? इंग्लंडमधल्या एका प्रेप स्कूलची गोष्ट

२६ जुलै १९५८. इंग्लंडच्या हॅम्पशायर परगण्यातल्या हेडली गावाजवळ एक निवासी शाळा आहे. तिथे हेडमास्तरांच्या खोलीत काही पोरं टीव्हीसमोर बसली होती. पडद्यावर कार्डिफ शहरातल्या राष्ट्रकुल स्पर्धांचा समारोप चालला होता. राणी एलिझाबेथची तब्येत बरी नव्हती, म्हणून तिचं ध्वनिमुद्रित भाषण ऐकवलं गेलं. भाषणात तिनं जाहीर केलं की मुलगा चार्ल्स याला आपण प्रिन्स ऑफ वेल्स करत आहोत. तिकडे स्टेडियममध्ये एकच जल्लोष. इकडे खोलीतली पोरं मागे वळून एका नऊ वर्षांच्या मुलाकडे बघायला लागली, आणि तो बिचारा कुठे तोंड लपवू अशा अवस्थेत.

तो मुलगा म्हणजे आजचा राजा तिसरा चार्ल्स. शाळेचं नाव चीम स्कूल. त्याचे वडील प्रिन्स फिलिपही चीमचेच विद्यार्थी. बापाच्या शाळेत लेकाला घातलं, इथवर सगळं सरळ आहे. पण लेक ज्या इमारतीत शिकला तिथे बाप कधी शिकलाच नव्हता. फिलिप १९३३ मध्ये शाळा सोडून गेले आणि १९३४ मध्ये शाळाच गाव सोडून गेली. आधी ती लंडनला लागून असलेल्या चीम गावात होती, म्हणून तिचं नाव चीम. हेडलीला आल्यावर बीनम कोर्ट नावाच्या वाड्यात तिचा संसार थाटला गेला. गाव सुटलं, नाव तेवढं बरोबर आलं. आपल्याकडे निपाणीकर पुण्यात राहतात, तसंच.

शाळा १६४५ ची. वाडा तिला मिळाला तो जवळजवळ तीनशे वर्षांनी. बाहेरून बघणाऱ्याला मात्र वाटतं की ही शाळा, ही हिरवळ आणि हे जुने वृक्ष पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदत आले असणार. इंग्लंडमधल्या वाड्यातल्या बऱ्याच शाळांबद्दल आपला असाच समज होतो. शाळा आणि वाडा यांची सोयरीक बहुतेक ठिकाणी विसाव्या शतकात जमली, आणि तीही दोन्हीकडच्या अडचणीतून. ती कशी जमली, हे सांगायचं म्हणून हा लेख.

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. इंग्लंडमध्ये 'पब्लिक स्कूल' म्हणतात ती सरकारी शाळा नसते. ईटन, हॅरो, विंचेस्टर या भरमसाट फी घेणाऱ्या खासगी शाळा म्हणजे पब्लिक स्कूल. एखाद्या गावापुरती किंवा एखाद्या पंथापुरती नाही, फी भरील त्या कुणाच्याही मुलाला खुली, म्हणून 'पब्लिक'. (फी भरू शकणारे किती, हा प्रश्न त्या काळी कुणी फारसा विचारत नसे.) तिथे मुलगा जातो तेराव्या वर्षी. त्याच्या आधीची, सात-आठ ते तेरा वर्षांच्या मुलांना त्या प्रवेशासाठी तयार करणारी शाळा म्हणजे प्रिपरेटरी स्कूल, बोलीत 'प्रेप'. थोडक्यात, शाळेत जाण्यासाठीची शाळा. आणि पारंपरिक प्रेप म्हणजे हॉस्टेलसकट. आठ वर्षांचा मुलगा सप्टेंबरमध्ये जायचा, तो नाताळाला घरी यायचा.

'कंट्री हाऊस'चंही तसंच. आपल्याला फार्महाऊस आठवतं. पण ते शेतावरचं घर नव्हे. सरदार-उमरावाचा गावाकडचा वाडा, भोवती शेकडो एकरांचं उद्यान, आणि त्यापलीकडे कुळांकडून कसून घेतलेली हजारो एकर जमीन. घर चालायचं ते जमिनीच्या खंडावर, म्हणजे कुळं जमिनीपोटी जे भाडं भरायची त्यावर. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं या खंडापाशी येऊन अडकतं.

आता चीमकडे परत. जॉर्ज ऑल्ड्रिच नावाच्या पाद्र्यानं १६४५ मध्ये ही शाळा काढली, तेव्हा इंग्लंडात यादवी युद्ध चालू होतं. तिला प्रेप म्हणता येणार नाही, कारण तेव्हा तो प्रकारच नव्हता. पाद्र्याच्या घरी पाच-पन्नास मुलं राहायला, लॅटिन शिकायला, बस्स. या शाळेला पहिला खरा मोठा माणूस मिळाला तो १७५२ मध्ये : विल्यम गिल्पिन. चित्रकलेच्या आणि निसर्गवर्णनाच्या इतिहासात हा माणूस प्रसिद्ध आहे. डोंगर, नदी, पडकी भिंत, वाकडं झाड हे सगळं चित्र काढावं असं दिसतं, म्हणजे 'पिक्चरेस्क' आहे, ही दृष्टी इंग्रजांना ज्यांनी दिली त्यांत गिल्पिन पुढे होता. पण पोटापाण्यासाठी तो पंचवीस वर्षं शाळामास्तर होता, आणि मास्तर म्हणून तो त्याच्या काळाच्या फारच पुढे होता.

तो काळ छडीचा. चुकलं की फोडून काढायचं, यात कुणाला काही वावगं वाटत नसे. गिल्पिननं छडी जवळपास बाजूला ठेवली आणि शाळेत कायद्याचं राज्य आणलं. कुठल्या गुन्ह्याला किती दंड हे आधीच ठरलेलं. दंड पैशांत. आणि जमा झालेला पैसा मास्तरांच्या खिशात न जाता मुलांच्याच कामी यायचा, पुस्तकं आणि खेळ यांच्यासाठी. एखाद्याला वाटलं की आपण निर्दोष आहोत, तर त्याचा निवाडा मुलांच्याच ज्यूरीपुढे व्हायचा. मुलांना बागेतले छोटे वाफे नेमून दिलेले असत. त्यात त्यांनी भाजी पिकवायची आणि विकायची. गिऱ्हाईक घरातच होतं. मिसेस गिल्पिन ती भाजी बाजारभावानं विकत घ्यायच्या. लॅटिनच्या क्रियापदांपेक्षा काकडीचा भाव जास्त शिकवून जातो, असं त्या माणसाचं मत असावं. या शाळेतून निघालेला हेन्री ॲडिंग्टन पुढे १८०१ मध्ये इंग्लंडचा पंतप्रधान झाला.

मला विचाराल तर चीमच्या इतिहासातलं हे सगळ्यात सुंदर पान. ते वाड्याच्या काळातलं नाही, त्याच्या कितीतरी आधीचं आहे, हेही ध्यानात घ्या.

एकोणिसाव्या शतकात चार्ल्स मेयो या हेडमास्तरानं स्वित्झर्लंडच्या पेस्टालोझी या शिक्षणतज्ज्ञाची पद्धत आणली. आधी वस्तू मुलाच्या हातात द्यायची, मग तिचं नाव सांगायचं, ही ती पद्धत. मग १८५६ मध्ये रॉबर्ट टेबर आले आणि शाळेचा नूरच बदलला. टेबरांना नस सापडली होती ती श्रीमंतांची. त्यांच्या काळात चीम उमरावांच्या मुलांची शाळा झाली. मुलांना हाक मारायची त्यांची एक तऱ्हा सांगतात : मुलगा स्वतःच उमराव असेल, म्हणजे बाप वारून पदवी त्याच्याकडे आली असेल, तर 'माझ्या लाडक्या बाळा'. उमरावाचा मुलगा असेल तर 'माझ्या प्रिय बाळा'. आणि साध्या घरचा असेल तर नुसतं 'बाळा'. खरं-खोटं टेबर जाणोत. पण गोष्ट दीडशे वर्षं टिकली, म्हणजे ती ऐकणाऱ्यांना पटत होती एवढं नक्की. याच काळात लॉर्ड रँडॉल्फ चर्चिल या शाळेत होता. तो विन्स्टन चर्चिलचा बाप, आणि १८८५ मध्ये लंडनमध्ये बसून हिंदुस्थानचा कारभार बघणारा भारतमंत्री.

प्रेप स्कूल हा प्रकार रुजला तो याच शतकात. त्याला तीन-चार कारणं एकदम जुळून आली. पूर्वी ईटन-हॅरोत आठ वर्षांचं पोर आणि अठरा वर्षांचा दाढीमिशा फुटलेला गडी एकाच छपराखाली राहायचे. त्याचे परिणाम काय होत असतील हे सांगायला नको. रग्बी शाळेचे हेडमास्तर टॉमस आर्नल्ड १८२८ ते १८४२ या काळात हे बदलू पाहत होते, आणि लहान मुलं मोठ्यांपासून वेगळी हवीत हा विचार हळूहळू सगळीकडे मान्य झाला. मग ही लहान मुलं जाणार कुठे? त्यांच्यासाठी वेगळ्या शाळा निघाल्या. १८३७ मध्ये आरमारातला एक लेफ्टनंट, चार्ल्स माल्डन, यानं विंडलशॅम हाऊस ही शाळा काढली. मुद्दाम प्रेप म्हणून काढलेली ही पहिल्यांपैकी एक. हा माल्डन पूर्वी जहाजावर सर्व्हेअर होता. पॅसिफिक महासागरात त्याच्या नावाचं बेटही आहे. बेटं मोजायची सोडून पोरं सांभाळायला लागला.

दुसरं कारण रेल्वे. मुलगा दीडशे मैलांवर पाठवून सुट्टीला परत आणणं आता जमण्यासारखं झालं. आणि तिसरं कारण आपण, म्हणजे हिंदुस्थान. मुंबई इलाख्यातला कलेक्टर, मद्रासचा जज्ज, कुठल्यातरी छावणीतला कर्नल, यांची मुलं सहा-सात वर्षांची झाली की आईबापांच्या पोटात गोळा यायचा. इथली हवा मुलांना मानवत नाही, कॉलरा-मलेरिया आहे, आणि आयेच्या मांडीवर वाढलेलं पोर इंग्रजीऐवजी हिंदुस्थानीत स्वप्नं बघायला लागतं ही भीती वेगळीच. म्हणून बोटीत बसवून विलायतेला. मुंबईत जे. जे. कला शाळेच्या आवारात जन्मलेला रडयार्ड किपलिंग सहावं वर्ष पुरं होण्याआधी असाच पाठवला गेला, तो शाळेत नव्हे तर परक्यांच्या घरी, आणि ती जखम त्याला जन्मभर पुरली. बिहारमधल्या मोतीहारीत जन्मलेला जॉर्ज ऑर्वेल आईबरोबर तान्हेपणीच इंग्लंडला गेला. बाप मात्र इथेच, सरकारी अफू खात्यात नोकरीला. आठव्या वर्षी त्याला ईस्टबर्नच्या एका प्रेपमध्ये सवलतीच्या फीवर घातलं. शाळेबद्दल त्यानं पुढे इतकं कडवट लिहिलं की बदनामीच्या दाव्याच्या भीतीनं तो निबंध इंग्लंडात त्याच्या हयातीत छापला गेला नाही.

ईस्टबर्न हे नाव इथे महत्त्वाचं. कारण पहिल्या महायुद्धाआधी प्रेप स्कूलचं ठरलेलं ठिकाण वाडा नव्हतं, समुद्रकिनारा होता. ईस्टबर्न, ब्रायटन, सीफर्ड, वेस्टगेट ही गावं प्रेप शाळांनी भरलेली होती. समुद्राची हवा मुलांच्या छातीला चांगली, असं डॉक्टर सांगत आणि शाळा माहितीपत्रकात छापत. मोठाले व्हिला भाड्यानं मिळत. कुणी निवृत्त पाद्री, कुणी क्रिकेटचा शौकीन पदवीधर व्हिला घ्यायचा, बायको स्वयंपाकघर आणि पोरांचे खोकले बघायची, आणि शाळा सुरू. शाळा हा हेडमास्तरांचा खासगी धंदा होता. म्हातारपणी तो मुलाला द्यायचा किंवा दुकानासारखा 'गुडविल'सकट विकायचा. ट्रस्ट, विश्वस्त मंडळ ही भानगड बऱ्याच शाळांत दुसऱ्या महायुद्धानंतरची.

या मालकांची संघटनाही झाली, १८९२ मध्ये, आणि तिचं निमित्त मला फार आवडतं. हेडमास्तर जमले ते अभ्यासक्रमावर चर्चा करायला नव्हे. लहान मुलांच्या क्रिकेटला खेळपट्टी केवढी असावी आणि चेंडू केवढा, हे ठरवायला जमले. प्रश्न क्रिकेटचा होता. मग एवढे सगळे जमलोच आहोत तर संघटना करू, असं झालं. १९०४ मध्ये सगळ्या शाळांसाठी एकच प्रवेश परीक्षा सुरू झाली, 'कॉमन एन्ट्रन्स'. तिनं प्रेप शाळांचं आयुष्य कायमचं ठरवून टाकलं. आठव्या वर्षी लॅटिन सुरू, तेराव्या वर्षी परीक्षा, आणि पालक शाळा निवडताना एकच विचारणार : तुमच्याकडची किती मुलं ईटनला लागली?

मग वाडा आला कुठून? खंडाची गोष्ट सांगितली होती, ती आता.

१८७० च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेचा स्वस्त गहू जहाजं भरभरून इंग्लंडात यायला लागला. पाठोपाठ गारठवलेलं मांस आलं. इंग्रज शेतकऱ्याचा भाव पडला, त्याला खंड परवडेना, आणि खंड थकला की वाड्याची मिळकत आटली. त्यात १८९४ मध्ये सरकारनं वारसाकर नव्यानं बसवला. तेव्हा तो सगळ्यात मोठ्या इस्टेटीला ८ टक्के होता. १९१९ मध्ये ४० टक्के झाला, आणि १९४९ मध्ये ८०. आता हिशोब करा. पहिल्या महायुद्धात एखाद्या घरातला बाप वारला, वर्षभरात थोरला मुलगा फ्रान्सच्या खंदकात पडला. लढाईत पडलेल्यांच्या वारसांना करात सवलत होती, तरी घर हाताळायला माणूसच उरला नाही. नोकर मिळेनासे झाले, कारण कारखान्यात आणि दुकानात जास्त पगार आणि संध्याकाळी सुट्टी. चाळीस खोल्यांचं घर गरम ठेवायचं तर कोळसा किती लागत असेल! आणि छप्पर. या घरांची छपरं शिशाच्या पत्र्यांची आणि पाटीच्या दगडांची. शिसं जुनं झालं की चिरतं, पाणी आत झिरपतं, खालची लाकडी तुळई कुजते, आणि एक दिवस दिवाणखान्याच्या छताचं नक्षीकाम जमिनीवर येतं. छप्पर दुरुस्त करायला एक शेत विकायचं, पुढच्या वर्षी आणखी एक.

शेवटी बऱ्याच घरांनी तेच केलं जे सोपं होतं. वाडा पाडला आणि दगड, लाकूड, शिसं विकलं. विसाव्या शतकात असे हजाराहून जास्त वाडे गेले. १९५५ च्या सुमारास तर दर पाच दिवसांना एक पाडला जात होता, असं सांगितलं जातं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयानं १९७४ मध्ये या पाडापाडीवर प्रदर्शन भरवलं, तेव्हा कुठे लोकांचे डोळे उघडले.

ज्यांना पाडवत नव्हतं, त्यांना भाडेकरू हवा होता. असा भाडेकरू की ज्याला चाळीस खोल्या लागतात, ज्याच्याकडे नियमित पैसा येतो, आणि जो छप्पर स्वतःच्या खर्चानं सांभाळील. असा भाडेकरू कोण? वेड्यांचं इस्पितळ, हॉटेल, किंवा शाळा. तिकडे शाळांनाही गरज होतीच. शहरं वाढत होती. चीम गावाचं उदाहरण घ्या : १९३० च्या दशकात लंडनची उपनगरं तिथवर पसरली, शाळेच्या कुंपणापर्यंत जोडघरांच्या रांगा आल्या. त्या वेळचे हेडमास्तर हॅरल्ड टेलर यांनी शाळा उचलली आणि हेडलीला नेली. त्याच १९३४ साली विंडलशॅम हाऊसही ब्रायटनजवळून हलून ससेक्सच्या हायडन हाऊसमध्ये गेलं.

वाडा शाळेला चपखल बसतो, हे बघून आश्चर्य वाटतं. नाचाच्या दालनात व्यायामशाळा किंवा सभागृह. वरच्या मजल्यावरच्या पाहुण्यांच्या खोल्यांत लोखंडी खाटांच्या रांगा, म्हणजे डॉर्मिटरी. ग्रंथालय तसंच ग्रंथालय. तबेल्यांत वर्ग, बग्गीखान्यात विज्ञानाची प्रयोगशाळा. तळघरातलं अवाढव्य स्वयंपाकघर मुळातच पन्नास-साठ माणसांचं. नोकरांच्या माडीवर तरुण मास्तर. उद्यानातलं गवत सपाट केलं की क्रिकेटचं मैदान तयार. एकच गोष्ट मुलांना वर्ज्य असायची ती म्हणजे दर्शनी जिना. तो मास्तरांचा आणि पाहुण्यांचा. मुलांनी जायचं ते मागच्या, नोकरांच्या जिन्यानं. अशा कितीतरी शाळांतून हा नियम पिढ्यान्‌पिढ्या चालला. भावी उमरावांनी नोकरांच्या जिन्यानं चढायचं!

या घरातलं मुलाचं जग मात्र फार छोटं होतं. एक पत्र्याची ट्रंक आणि एक लाकडी 'टक बॉक्स'. टक म्हणजे खाऊ. झाकणावर मुलाचं नाव ठसठशीत रंगवलेलं, कडीला कुलूप. आत आईनं दिलेला केक, जॅमची बाटली, बिस्किटं, आणि जपून ठेवलेल्या बारीकसारीक वस्तू : दोरा, गोट्या, खिशातला चाकू. शेकडो नियमांच्या त्या घरात त्या मुलाची म्हणावी अशी जागा ती एवढीच, दोन-अडीच फुटांची पेटी. रविवारी सकाळी सगळ्यांनी बसून घरी पत्र लिहायचं. फळ्यावर मास्तर कधीकधी मुद्देही लिहून द्यायचे : सामना कुणी जिंकला, हवा कशी आहे. बऱ्याच शाळांत पत्र पाकिटात घालण्याआधी मास्तरांनी बघायचं. त्यामुळे 'मला घरी न्या' हे वाक्य पोस्टापर्यंत पोचायचंच नाही. चार्ल्स आठव्या वर्षी चीमला आला तेव्हा पहिले दिवस तो फार एकटा पडला होता, हे त्यानं स्वतः नंतर सांगितलं आहे. घरी शिक्षक ठेवून न शिकवता शाळेत पाठवलेला तो इंग्लंडच्या गादीचा पहिला वारस.

दुसरं महायुद्ध आलं तेव्हा किनाऱ्यावरच्या शाळांची पळापळ झाली. समोरच्या काठावर जर्मन, डोक्यावर विमानं. शाळा आतल्या भागात वाट फुटेल तिकडे निघाल्या. वाड्यांच्या मालकांनाही घाई होती, कारण सरकार वाडे ताब्यात घेत होतं आणि सैनिक राहायला आले तर जिन्याचे कठडे सरपणाला जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. डेव्हनशायरच्या ड्यूकनं हे ओळखून चॅट्सवर्थ हा आपला प्रचंड वाडा वेल्समधल्या एका मुलींच्या शाळेला देऊन टाकला. ती प्रेप नव्हे, मोठ्या मुलींची शाळा, पण हिशोब तोच : पलटणीपेक्षा पोरी बऱ्या. १९३९ ते १९४६ मुली तिथे राहिल्या, राजेशाही दालनांत खाटा टाकून. नुकसान काय झालं? झोपलेल्या मुलींच्या श्वासाच्या वाफेनं काही तैलचित्रांच्या मागे बुरशी धरली. एवढंच.

वेस्टगेटच्या किनाऱ्यावरची हॉट्रीज ही अशीच निघालेली एक प्रेप. जॉन हॉट्री हा ईटनचा मास्तर. त्यानं १८६९ मध्ये ती काढली ती ईटनला मुलं पुरवायलाच. युद्धात वेल्सच्या सीमेवर जाऊन राहिली, आणि १९४६ मध्ये तिला घर मिळालं ते टॉटनम हाऊस. विल्टशायरमधल्या सॅव्हरनेक या प्राचीन जंगलाच्या काठावर एल्सबरीच्या मार्क्विस घराण्याचा हा वाडा. आजचं रूप १८२० च्या दशकातलं. दोन्ही बाजूंना लांबच लांब पसरलेले पंख, समोर खांबांची ओसरी. घराण्याला तो पेलत नव्हता, शाळेला पेलला. जवळजवळ अर्धं शतक त्या शिशाच्या छपराखाली मुलं लॅटिन घोकत होती आणि त्यांच्या फीतून छप्पर दुरुस्त होत होतं.

या व्यवहारात शाळेला छपराशिवाय आणखी एक गोष्ट मिळाली, आणि माझ्या मते तीच जास्त किमतीची. जुनेपण. समुद्रकिनाऱ्यावरचा लाल विटांचा व्हिला बघून पालकाला धंदा दिसतो. चार मैल लांबीचं कुंपण आणि खांबांची ओसरी बघून त्याला परंपरा दिसते. ज्याच्या आजोबांकडे वाडा नव्हता असा नवश्रीमंत बापही पोराला पाच वर्षं वाड्यात वाढवू शकत होता. ज्याचा वाडा गेला होता त्याला तो पुन्हा भेटत होता. गिल्पिनची 'पिक्चरेस्क' दृष्टी अखेर शाळेच्या माहितीपत्रकावर जाऊन बसली.

या कल्पनेचं एक छोटं रोप आपल्याकडेही लागलं. वाडे नव्हते, पण थंड हवेची ठिकाणं होती. पाचगणीला इंग्रजांनी आपल्या मुलांसाठी निवासी शाळा काढल्या. नंतर त्यांत पारशी, गुजराती, मराठी घरांतली मुलं आली. झांझिबारमध्ये राहणाऱ्या एका पारशी कुटुंबानं आपल्या आठ वर्षांच्या मुलाला बोटीनं पाठवून पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये ठेवलं. त्याचं नाव फारोख बलसारा. पुढे जग त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखायला लागलं. त्याचं आणि चार्ल्सचं घरातून बाहेर पडायचं वय एकच, आणि दशकही एकच.

आता कडू भाग. जंगलाच्या काठावरचा वाडा, जवळ वस्ती नाही, पत्रं तपासली जातात, फोन हेडमास्तरांच्या खोलीत. शांत अभ्यासाला जी जागा उत्तम, तीच गैरवागणूक लपवायलाही उत्तम. छडी तर उघड होती. इंग्लंडच्या खासगी शाळांतून ती कायद्यानं गेली थेट १९९९ मध्ये, सरकारी शाळांतून गेल्यानंतर बारा वर्षांनी. लैंगिक छळाच्या गोष्टी बाहेर यायला आणखी उशीर लागला. राजकुमारी डायानाचा भाऊ चार्ल्स स्पेन्सर १९७० च्या दशकात नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या मेडवेल हॉल या वाड्यातल्या प्रेपमध्ये होता. तिथे आपल्यावर काय गुदरलं हे त्यानं २०२४ मध्ये सविस्तर लिहिलं, आणि त्यानंतर इंग्लंडातल्या कितीतरी साठी-सत्तरीच्या पुरुषांनी पहिल्यांदाच आपापल्या शाळेबद्दल तोंड उघडलं. 'त्यानं माझं काही वाईट झालं नाही' हे या वर्गाचं आवडतं वाक्य. ते आता पूर्वीइतक्या ठामपणे म्हटलं जात नाही.

आईबाप बदलले हेही खरं. आठ वर्षांच्या मुलाला तीन महिने दूर ठेवायला आजची आई तयार नसते, मग ती उमरावाची सून का असेना. शाळांनी मग आठवड्याची वसतिगृहं काढली, मुली घेतल्या, रोज ये-जा करणारी मुलं घेतली. ज्यांना ते जमलं नाही, त्या बंद पडल्या. ससेक्समधल्या ॲशडाउन हाऊसचं उदाहरण बघा. हा छोटेखानी वाडा १७९० च्या दशकात बांधला बेंजामिन लॅट्रोब या तरुण वास्तुविशारदानं. नंतर तो अमेरिकेला गेला आणि वॉशिंग्टनच्या कॅपिटॉल इमारतीवर त्यानं काम केलं. वाड्यात १८८६ पासून शाळा होती. बोरिस जॉन्सन तिथलाच. म्हणजे ज्या वर्षी शाळेचा माजी विद्यार्थी पंतप्रधानाच्या खुर्चीत होता, त्याच वर्षी, २०२० मध्ये, ती कायमची बंद झाली. १ जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट लागला, आणि त्याच वर्षी मेडवेल हॉलनंही दार लावलं.

हॉट्रीज याच्या पुष्कळ आधी थकली होती. मुलं कमी, वाडा अवाढव्य. १९९४ मध्ये ती चीममध्ये विलीन झाली आणि तिची मुलं टॉटनम हाऊस सोडून हेडलीला गेली. चीम आजही चालू आहे, मुलींसकट. तिचं वय आता पावणेचारशे वर्षांच्या पुढे आहे.

टॉटनम हाऊसला मात्र त्यानंतर शाळेसारखा भाडेकरू पुन्हा मिळाला नाही. वाडा संरक्षित यादीत पहिल्या श्रेणीचा, त्यामुळे पाडता येत नाही. आणि एवढं छप्पर सांभाळील असं कुणी मिळेना. वीस वर्षं हे रखडलं, घराण्याचा वारस आणि इस्टेटीचे विश्वस्त यांच्यात कोर्टकचेरी झाली, आणि २०१४ मध्ये वाडा विकला गेला.